शंभरपैकी एकशे दोन

कारखान्याच्या स्वागतकक्षात, पाहुण्यांच्या सोफ्यासमोर, एक टीव्ही होता. त्यावर बातम्या किंवा क्रिकेट लागत नसे. छपरावरच्या सोलर पॅनलनी आज किती वीज तयार केली, त्यामुळे किती झाडं लावल्यासारखं झालं आणि एकूण प्रकल्पाची कामगिरी किती टक्के, असे तीन आकडे हिरव्या अक्षरांत दिवसभर दिसत. झाडांच्या आकड्याकडे पाहुणे बघत. विजेच्या आकड्याकडे आमचे कारखानाप्रमुख बघत. तिसऱ्या आकड्याकडे कोणी बघत नसे, कारण तो बहुतेकांना कळत नसे.

त्या हिवाळ्यात एका सकाळी तो आकडा एकशे दोन होता.

सातपूरच्या या कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग बनतात. मी तिथे नवीन होते. त्याआधीची सगळी नोकरी वृत्तपत्रात झाली. नाशिकची आवृत्ती पानापानाने आकसत गेली, शेवटी आमची टेबलंही एकमेकांना चिकटवून ठेवण्याची वेळ आली, तेव्हा मी बाहेर पडले आणि या कंपनीची गृहपत्रिका नि वार्षिक अहवाल लिहू लागले. काम सोपं होतं. फक्त डेस्कवरची एक सवय सुटली नव्हती. वाईट आकडा आला की एकदा तपासायचा, फार चांगला आला की दोनदा. वाईट आकडा लपवायला लोक कष्ट घेतात, त्यामुळे तो बाहेर आला असेल तर बहुधा खरा असतो. चांगला आकडा मात्र आपल्या पायांनी चालत टेबलावर येतो, आणि तो कोणी पाठवला हे विचारावं लागतं.

हा तिसरा आकडा म्हणजे काय, ते उद्घाटनाच्या दिवशी सोलर कंपनीच्या इंजिनिअरने समजावून सांगितलं होतं. जेवढं ऊन पडतं त्यातून जेवढी वीज यायला हवी, त्यातली प्रत्यक्षात किती आली, ते हा आकडा सांगतो. पॅनल तापतात, त्यांच्यावर धूळ बसते, तारांमधून थोडी वीज वाया जाते. म्हणून शंभर कधीच येत नाहीत. "शंभर आले तर मला फोन करा," तो हसत म्हणाला होता, "मी नोकरी सोडून देतो आणि शोध माझ्या नावावर लावून घेतो." सगळे हसले होते. मी ते वाक्य लिहून घेतलं होतं, पण गृहपत्रिकेत छापलं नव्हतं.

साहेबांना, म्हणजे कारखानाप्रमुखांना, मी तो आकडा सांगितला तेव्हा ते खूश झाले.

"एकशे दोन? म्हणजे आपण सूर्याच्या पुढे गेलो."

"तसं होत नाही, साहेब."

"मॅडम, तुम्हाला चांगली बातमी पचतच नाही."

"पचते. आधी चावून बघते."

ते हसले, पण लेखा विभागाच्या प्रमुखांना त्यांनी बोलावून घेतलं. या गृहस्थांचं घर पंचवटीत. घरी पिढ्यान्‌पिढ्या यात्रेकरूंचं पौरोहित्य चालत आलेलं, भाऊ अजून ते काम करतो. हे मात्र सीए झाले. तरीही अख्खा कारखाना त्यांना गुरुजी म्हणत असे आणि ते ओ देत असत. गुरुजींनी आकडा ऐकला, चष्मा कपाळावर चढवला आणि एकच प्रश्न विचारला.

"हा वर गेला तर फायदा कोणाचा?"

प्रश्न बरोबर होता. छपरावरचा प्रकल्प आमचा नव्हता. छप्पर आमचं, पॅनल त्यांचे. वीज तयार करायची त्यांनी आणि वितरण कंपनीपेक्षा कमी दराने ती विकत घ्यायची आम्ही, असा बऱ्याच वर्षांचा करार होता. हा तिसरा आकडा ठरलेल्या मर्यादेच्या खाली जाणार नाही, अशी हमी सोलर कंपनीने दिलेली होती. खाली गेला तर भरपाई त्यांनी द्यायची. आकडा वर राहिला तर त्यांना कोणी काही विचारणार नव्हतं.

गुरुजींनी पुढचं तिथेच उलगडलं. आकडा दोन मोजमापांतून निघतो. एक, मीटरवर आलेली वीज. ते मीटर सीलबंद होतं आणि बिलांशी जुळत होतं. दुसरं, छपरावर पडलेलं ऊन. ते मोजायला वर एक छोटं यंत्र, म्हणजे सेन्सर, बसवलेला होता. वीज खरी असेल तर ऊन खोटं. सेन्सर ऊन कमी दाखवत होता. प्रश्नपत्रिकाच सोपी काढली की गुण वाढतात, तसं झालं होतं.

"सेन्सरपर्यंत कोण जाऊ शकतं?" साहेबांनी विचारलं.

छपरावर जायला एकच लोखंडी जिना. जिन्याला जाळीचं दार. दाराला कुलूप. किल्ली काकांकडे.

काका म्हणजे विद्युत विभागाचे पर्यवेक्षक. नाशिक रोडला एका जुन्या वसाहतीत राहत, घर बौद्ध, वडील सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. काका स्वतः आयटीआय करून या कारखान्यात लागले ते इथेच राहिले. कारखान्यातला प्रत्येक स्विच त्यांनी निदान एकदा उघडलेला होता. मार्चअखेर ते निवृत्त होणार होते आणि त्यांनी मुदतवाढ मागितली होती. त्या अर्जाचा कागद साहेबांच्या टेबलावरच होता. मुदतवाढ मिळणार असं सगळे धरून चालले होते. काकाही. नाही मिळाली तर निवृत्ती साधी राहिली नसती. सातपूर आणि अंबडचे कारखानाप्रमुख एकमेकांना ओळखतात, चहाला भेटतात. कोणाला का थांबवलं नाही, हे दुसऱ्या दिवशी सगळीकडे माहीत होतं. मग त्या माणसाला कुठे ठेक्यानेसुद्धा काम मिळत नाही.

त्या खोलीत पुढचा अर्धा तास जे घडलं ते मी आधीही पाहिलेलं होतं, वेगवेगळ्या कार्यालयांत. संशय सोलर कंपनीकडे जायला निघाला होता. ती कंपनी मोठी, करार लांबचा, वकील मुंबईचे. संशय वाटेतच वळला आणि जिन्याच्या किल्लीपाशी येऊन थांबला.

"काकांची मुलगी सध्या काय करते?" गुरुजींनी विचारलं. आवाज साधा होता.

"डिप्लोमा झाला तिचा," साहेब म्हणाले. "ट्रेनिंगला आहे कुठेतरी."

"यांच्याकडेच. सोलरवाल्यांकडे. पुण्याला."

साहेबांनी टेबलावरचं पेन उचलून परत ठेवलं.

मग बाकीच्या गोष्टी आपोआप आठवू लागल्या. सोलरचा इंजिनिअर येतो तेव्हा काका त्याच्याबरोबर टपरीवर चहा पितात. सुट्टीच्या दिवशीही काका छपरावर जातात. अहवाल त्यांच्याच सहीने पुढे येतात. यातली प्रत्येक गोष्ट खरी होती, आणि प्रत्येक गोष्ट कालपर्यंत कौतुकाची होती.

"आणि खंडेनवमीला वर पूजा झाली," गुरुजी म्हणाले, "तेव्हाही बाजूलाच उभे होते."

या वाक्याचा सेन्सरशी काही संबंध नव्हता. निदान तेव्हा तसं वाटलं. ते वाक्य वेगळ्या कारणासाठी बोललं गेलं आणि ते कारण खोलीतल्या तिघांनाही कळलं. कोणी काही बोललं नाही. मीही बोलले नाही. साहेबांनी अर्जाचा कागद पलटी करून ठेवला आणि शिपायाला काकांकडून जिन्याची किल्ली आणायला पाठवलं.

दुसरी बाजू घेतल्याशिवाय बातमी पूर्ण होत नाही, हा जुना नियम. जेवणाच्या सुट्टीनंतर मी काकांच्या केबिनमध्ये गेले. ट्रान्सफॉर्मरच्या खोलीला लागून पत्र्याची केबिन होती, आत सतत एक गुणगुण चालू असे. काका डबा धुऊन आले होते. डबा पालथा घालून त्यांनी हात पुसले.

"विचारायला पाठवलंय, की स्वतःहून आलात?"

"स्वतःहून."

"मग बसा."

मी बसले. आकड्याबद्दल सांगितलं. त्यांना ते आधीच कळलेलं होतं. शिपाई किल्ली न्यायला आला होता, आणि आमच्याकडचा शिपाई किल्ली एकटी नेत नाही, निरोपाचं कारणही सांगतो.

"सेन्सर बिघडलाय का, काका?"

"नाही."

"मग ऊन कमी का दाखवतो?"

"वर जाऊन बघा."

"तुम्ही चला ना बरोबर."

"मी आलो तर म्हणतील, काकांनी दाखवलं तेवढंच मॅडमनी पाहिलं." ते हसले नाहीत. "तुम्ही बघा. सगळ्यांना घेऊन जा. त्या पुण्याच्या पोराला पण बोलवा. करारात लिहिलंय, सेन्सरला हात लावायचा तर दोन्ही पार्ट्या हजर पाहिजेत."

"तुम्हाला माहीत आहे काय झालंय ते."

"मॅडम, मला एवढंच माहीत आहे की माझा कागद पालथा पडलाय."

मी बाहेर पडले तेव्हा माझाही संशय कमी झाला नव्हता, उलट वाढला होता. निर्दोष माणूस इतकं कमी बोलत नाही, असं मला वाटलं. वृत्तपत्रात असताना असं पुष्कळदा वाटलं होतं, आणि त्यातलं निम्मं चुकीचं निघालं होतं.

उद्घाटनाला आलेला तोच इंजिनिअर दोन दिवसांनी आला. तरुण, नीट इस्त्री केलेला शर्ट, पाठीवर लॅपटॉप. आम्ही चौघे वर चढलो. साहेब पुढे, मग गुरुजी, मग तो, शेवटी मी. वर पन्हाळी पत्र्यांचं छप्पर एका बाजूला जरासं उतरतं होतं आणि त्याच उताराला लागून निळ्या-काळ्या पॅनलच्या रांगा पसरलेल्या होत्या. मधून चालायला जाळीची पायवाट होती. थंडी होती, पण पत्रा तापू लागला होता. शेजारच्या फाउंड्रीची काळी बारीक धूळ कठड्यावर बोट फिरवलं की दिसत होती. पॅनल मात्र स्वच्छ होते. हरसूलकडचे दोन मजूर लांब दांड्याच्या ब्रशने ते धूत होते. आम्हाला बघून त्यांनी पाणी बंद केलं.

सेन्सर पायवाटेच्या टोकाला होता, हातभर उंचीच्या खांबावर. पांढरी बशी आणि तिच्यावर काचेचा छोटा घुमट. पॅनलच्या कोनात बसवलेला असल्यामुळे तो जरा कललेला होता. काम न माहीत असलेल्या माणसाला तो कसा दिसेल, हे तेव्हा प्रथमच माझ्या लक्षात आलं. तो पिंडीसारखा दिसत होता. नंतर कळलं की छपरावर काम करणारे सगळे त्याला पिंडीच म्हणत.

घुमटावर कुंकू होतं. एक बोट नव्हे, थरावर थर. खालचा थर काळपट पडलेला, त्यात फाउंड्रीची धूळ रुतलेली, वर ताजा लाल. कडेला हळद. एक-दोन अक्षता चिकटलेल्या आणि झेंडूची वाळलेली पाकळी. काचेचा चांगला चतकोर भाग झाकला गेला होता, आणि उरलेल्या भागातून तो बिचारा सूर्य मोजत होता.

आम्हा तिघांना एकच दिवस आठवला.

आमच्या कारखान्यात खंडेनवमीला प्रत्येक मशीनची पूजा होते. प्रेस विभागाची मशीनं तेलकट असतात, पाण्यातलं कुंकू त्यांवरून ओघळून जातं. म्हणून तिथे कुंकू तेलात कालवतात, मारुतीच्या शेंदरासारखं. तीच वाटी सगळीकडे फिरते. सोलर बसल्यापासून ती वरही जाऊ लागली. पहिलं बोट साहेबांनी लावायचं, हा मान. त्यापुढे दर अमावास्येला गेटवर आणि मोठ्या प्रेससमोर नारळ फुटतो, तेव्हा साहेब नाशकात असले तर वर येऊन पिंडीलाही बोट लावत. हा प्रकल्प त्यांचा लाडका होता. मालकांपुढे तो त्यांनीच मांडला होता. खंडेनवमीला मी स्वतः तिथे उभी होते, प्रसादाचा पेढा खाल्ला होता, आणि बातमी म्हणून त्यात मला काही दिसलं नव्हतं.

"हे कोणी लावलं?" इंजिनिअरने विचारलं.

साहेब घुमटाकडे बघत राहिले. गुरुजी लांब गंगापूरच्या बाजूला बघू लागले. शेवटी ब्रशवाला मजूरच बोलला.

"साहेबांनीच की. दर आवसंला लावत्यात."

"मग तुम्ही पुसलं का नाही? बाकी सगळं पुसता."

"पूजेचं हाय ते," तो समजावून सांगावं तसं म्हणाला. "पॅनल धुतो आम्ही. पिंडीला हात नाय लावत. नमस्कार करतो आन् फुडं जातो."

"पाणीसुद्धा नाही?"

"तेल हाय त्याच्यात. पान्यानं काय व्हतंय?"

गुरुजींचा चष्मा आता डोळ्यांवर आला होता. त्यांनी मोबाइलमध्ये काहीतरी उघडलं आणि इंजिनिअरकडे वळले.

"तुम्ही दर तिमाहीला तपासणीला येता. खंडेनवमीनंतरच्या दोन्ही अहवालांत लिहिलंय, सेन्सर स्वच्छ."

"हो."

"हे स्वच्छ आहे?"

"सर, ग्राहकाने पूजा केलेली वस्तू मी कशी पुसणार? उद्या कोणी म्हणालं, सोलरवाल्याने आमचा देव पुसला, तर?"

"पुसू नका. पण स्वच्छ का लिहिलं?"

"फॉर्मवर दोनच पर्याय आहेत. स्वच्छ आणि खराब." त्याने साहेबांकडे पाहिलं. "साहेबांच्या पूजेला खराब कसं लिहू?"

साहेबांना हसू आलं आणि त्यांनी ते दाबलं. मला उत्तर आवडलं नाही. ते फार तयार होतं. या पोराने पहिल्या तपासणीतच हे पाहिलं असेल, आकडा वर का गेला हे त्याला त्याच क्षणी कळलं असेल, आणि खाली जाऊन त्याने शांतपणे चहा घेतला असेल. किंवा खरंच त्याला भीती वाटली असेल. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. शोध नावावर लावून घेण्याची त्याला आठवण करून द्यावी असं मनात आलं, पण दिली नाही.

पुढचा प्रश्न असा होता की आता पुसायचं कोणी. मजूर मागे सरकले. इंजिनिअरने बॅगेतून काच पुसायचं कापड आणि स्पिरिटची बाटली काढली, पण ती हातातच धरून ठेवली. गुरुजींनी शेवटी मार्ग काढला.

"उत्तरपूजा करू. एकदा अक्षता पडल्या की देव तिथे राहत नाही. मग खुशाल पुसा."

कँटीनमधून मूठभर तांदूळ आले, कागदाच्या पुडीत. गुरुजींनी कुंकू पुन्हा मागवलं नाही, घुमटावरचंच बोटाने घेऊन तांदळाला लावलं. हलक्या आवाजात मंत्र म्हटला. आवाज अगदी भिक्षुकाचा होता, हिशेबाच्या बैठकीत तो कधी ऐकू आला नव्हता.

"आता जागेवरून थोडं हलवायचं असतं," ते म्हणाले.

"हलवू नका," इंजिनिअर घाईने म्हणाला. "कोन बदलेल."

"तर्जनी टेकवली तरी चालेल," गुरुजी म्हणाले, आणि टेकवली.

साहेबांनी इंजिनिअरच्या हातून कापड घेतलं आणि स्वतः पुसलं. वेळ लागला. खालचा थर नखाने खरवडावा लागला. काच उघडी झाली तसा इंजिनिअरच्या लॅपटॉपवर उन्हाचा आकडा वर चढला आणि कामगिरीचा खाली येऊ लागला. एखाद्याचा ताप उतरताना बघावं तसे आम्ही बघत होतो. फक्त इथे उतरल्याचं कोणाला बरं वाटत नव्हतं.

आठवडाभरात तो आकडा स्थिरावला, आणि तो हमीच्या मर्यादेच्या जरा खाली होता. म्हणजे सोलर कंपनीला काही महिने तरी कुंकवाने वाचवलं होतं. गुरुजींनी भरपाईचं टिपण तयार केलं. ते साहेबांच्या टेबलावर गेलं आणि परत आलं. पुढे काही करू नये, असा शेरा होता. कारण दिलं होतं ते असं की त्या काळातल्या उन्हाची विश्वासार्ह नोंद नाही. कारण खरं होतं. आणखी एक कारण होतं, ते लिहिलेलं नव्हतं. भरपाई मागायची तर सेन्सर कोणाच्या हाताने झाकला गेला हे मालकांना सांगावं लागलं असतं. हात किल्लीवाल्याचा आहे असं वाटत होतं तोवर चौकशी जोरात होती. हात कोणाचा हे दिसल्यावर ती छपरावरच संपली.

काकांना कोणी काही सांगितलं नाही. मीच गेले. ते अंगणात एका दिव्याच्या खांबापाशी उभे होते.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"होतं."

"मग तेव्हाच का सांगितलं नाहीत?"

त्यांनी टेस्टर खिशात टाकला. "मागे एकदा खंडेनवमीला नव्या मशीनच्या डिस्प्लेवर कुंकू लावलं. बटणात तेल गेलं, शिफ्ट बंद पडली. मी म्हटलं, डिस्प्लेवर नको, बाजूच्या पत्र्यावर लावत जा. एवढंच म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून कँटीनमध्ये सुरू झालं, काकांना आमचे देव चालत नाहीत. चेष्टेतच म्हणायचे. वर्षभर चालली ती चेष्टा. तेव्हापासून मशीनवर कुंकू असलं तर मला दिसत नाही."

"पण इथे तुमची नोकरी जात होती."

"मी ते पुसलं असतं तर सेन्सरची चौकशी झाली असती का? माझी झाली असती."

"ती तशीही झाली."

"झाली ना. पण चोर म्हणून झाली." ते खांबाकडे वळले. "चोरी नाही केली हे दाखवता येतं. त्या दुसऱ्या आरोपाचं काय दाखवणार होतो मी?"

मी यावर काही विचारलं नाही. विचारण्यासारखं होतं, पण उत्तर मला आधीच माहीत होतं. गुरुजींचं ते वाक्य बोललं गेलं तेव्हा मी त्याच खोलीत होते.

मुदतवाढीचं पत्र मार्चच्या आधी आलं. एका वर्षाचं. त्याबरोबर शिपायाने किल्लीही आणून दिली. काकांनी पत्र घेतलं आणि किल्ली परत पाठवली. ती गेटवर, रखवालदाराच्या खुर्चीमागे, खिळ्याला लावा, असा निरोप दिला. ज्याला वर जायचंय त्याने सगळ्यांसमोर घ्यावी आणि सगळ्यांसमोर ठेवावी. साहेबांनी मान्य केलं. गुरुजी एकदा कँटीनमध्ये काकांच्या टेबलावर जाऊन बसले, मिसळ मागवली, आणि मुलीचं ट्रेनिंग कसं चाललंय ते विचारलं. काका म्हणाले, चांगलं चाललंय. एवढीच झाली ती माफी, जर ती माफी होती तर.

साहेबांनी अमावास्येला वर जाणं थांबवलं. खंडेनवमीचा मान मात्र सोडणं कठीण होतं. कामगार काय म्हणतील हा प्रश्न होता.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला मी स्वागतकक्षात पाहुण्यांना थांबवून ठेवत होते. समोर टीव्ही होता. बाहेर पाऊस सरल्यावरचं स्वच्छ, कडक ऊन पडलेलं होतं. मी बघत असतानाच तिसऱ्या आकड्याच्या जागी नुसती आडवी रेघ आली. पॅनल वीज देत होते आणि ऊन शून्य होतं. मला पहिली आठवली ती किल्ली. मी गेटवर गेले. खिळा रिकामा होता.

"कोणी नेली?"

"काका घेऊन गेले की, ताई," रखवालदार म्हणाला. "साहेब पण हायेत संगं."

वर पोहोचले तेव्हा पूजा चालू होती. पिंडीवर कँटीनमधली स्टीलची वाटी पालथी घातलेली होती. साहेब त्या वाटीला कुंकू लावत होते. वाटीवर हळद, अक्षता, फूल, सगळं यथासांग. प्रेस विभागाची माणसं भोवती हात जोडून उभी होती. गुरुजी मंत्र म्हणत होते. काका नेहमीच्या जागी, चार पावलं बाजूला, हात मागे बांधून उभे होते. वाटीची कल्पना त्यांची होती, हे साहेबांनी मला नंतर सांगितलं. चारचौघांत सांगितलं नाही.

आरती झाली, पेढे वाटले गेले. मग सगळे वाटीकडे बघत थांबले. ती उचलायची कोणी, हे ठरलेलं नव्हतं. गुरुजींनी आजूबाजूला पाहिलं आणि म्हणाले, "काका, ऊन चालू करा."

लोक हसले. काका पुढे आले, वाटी दोन्ही हातांनी सरळ वर उचलली, कुंकू न सांडता, आणि प्रेसच्या मुकादमाच्या हातात दिली. ती देव्हाऱ्यात ठेवायला खाली गेली. काच कोरडी होती.

संध्याकाळी सोलर कंपनीच्या पुण्याच्या कार्यालयातून मेल आली. दुपारी काही काळ उन्हाची नोंद शून्य का होती, याचा लेखी खुलासा करावा. साहेबांनी ती माझ्याकडे वळवली. मी जे घडलं ते चार वाक्यांत लिहिलं. वाटी, पूजा, किती वेळ, कोणी ठेवली, कोणी काढली. त्यात काहीही लपवलेलं नव्हतं.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. त्यांना खुलासा समाधानकारक वाटला नव्हता. छपराच्या जिन्याची किल्ली कोणाकडे असते, असं त्यांनी विचारलं होतं.

मी लिहिलं, गेटवर, खिळ्याला.